लांब पल्ल्याची साधना

(समाजाच्या हिंगोली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाच्या आधी गुणवंतांचा सत्कार होता. परीक्षांत यश मिळविलेली आपली मुलेमुली येथे आली, त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या आनंदात आम्हीही मनापासून सहभागी आहोत. परंतु हा समारंभ चालू असताना आमची दृष्टी वारंवार मंडपाच्या मागच्या कडेला जात होती. तेथे काही तरुण उभे आहेत. बसावयास जागा असूनही ते उभे आहेत. त्यांतील कित्येकांना आम्ही ओळखतो. पहाटेच्या अंधारात हिंगोलीच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावताना आम्ही त्यांना पाहिले आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. कोणी दोन वर्षे धावले, कोणी तीन. निवडीच्या यादीत नाव आले नाही. आणि ज्या दिवशी यादी लागली, त्या दिवसापासून त्यांचे धावणे थांबले. आज आम्हांस जे चार शब्द बोलावयाचे आहेत, ते मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

विषय आहे, दीर्घकाळ चालण्याधावण्याने मनाला शांती लाभते काय आणि माणसाची आत्मिक उन्नती होते काय. हा विषय परदेशातून आलेला नवा छंद आहे, असे कोणी समजू नये. ज्यांच्या नावाने आपला समाज ओळखला जातो, त्या श्रीसंत नामदेवमहाराजांचे चरित्र म्हणजे एका अर्थाने चालण्याचेच चरित्र आहे.

कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे आपल्या जिल्ह्यातील गाव परंपरेने नामदेवांची जन्मभूमी मानले जाते. इ. स. १२७० मध्ये दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. पुढे पंढरीस विठ्ठलाच्या सान्निध्यात त्यांचे आयुष्य गेले. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो, अशी त्यांची ख्याती झाली. आणि मग ती प्रसिद्ध घटना घडली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका कुंभाराचे थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, याची पारख करू लागले. बाकीचे संत शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. आणि गोरोबांनी भरसभेत निर्णय दिला, की हे मडके कच्चे आहे.

समाजबंधूंनो, ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. परंतु आपले आराध्य संत एका सभेत सर्वांदेखत नापास झाले होते, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. त्यांच्या अंगी भक्ती नव्हती काय? होती. कष्ट कमी पडले होते काय? नव्हते. तरीही निकाल प्रतिकूल लागला. मग त्यांनी काय केले? कथा सांगते, की ते विठ्ठलाकडे गेले, रडले, आणि देवाने त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. पंढरपुराहून औंढा आजच्या सडकेने मोजले तरी तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. नामदेव चालत निघाले.

त्या वाटेविषयी कथाकार काही सांगत नाहीत. ते आपल्याला एकदम नागनाथाच्या देवळात नेतात. तेथे एक वृद्ध पुरुष पिंडीवर पाय ठेवून निजलेला दिसतो. नामदेव त्याला रागावतात. तो म्हणतो, 'बाबा रे, म्हातारपणामुळे मला हालवत नाही. जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव.' नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवू जातात, तेथे तेथे पिंड प्रकट होते. नामदेवांना मिळालेला हा उपदेश पायांच्या द्वारे मिळाला, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पाय ठेवावा तेथे देव आहे, हे ज्ञान बसल्या जागी ऐकून कदाचित पटले नसते. अपमानाचा दाह उरात घेऊन जो माणूस इतकी वाट तुडवून आला, ज्याच्या पायांना तिचा प्रत्येक खडा ठाऊक झाला, त्याला ते एका क्षणात पटले.

आणि त्यानंतर नामदेव थांबले नाहीत. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी उत्तरेची तीर्थयात्रा केली. पुढे पंजाबात घुमान येथे दीर्घकाळ वास्तव्य केले. तेथील लोकांनी त्यांना इतके आपले मानले, की शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानमध्ये भरले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी आगगाडीने तो प्रवास केला आणि तेवढ्यानेही त्यांची पाठ मोडली! कच्चे ठरविले गेलेले मडके चालून चालून असे पक्के झाले.

आता या परंपरेचे आजचे रूप पाहू. आळंदीहून पंढरीस जाणारी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. शेगावहून निघणारी गजाननमहाराजांची पालखी तर सुमारे सातशे किलोमीटर, महिनाभर चालते. आणि ती आपल्याच जिल्ह्यातून, सेनगाव, नर्सी, औंढा, जवळाबाजार अशी पुढे परभणीकडे जाते. एका वर्षी आम्ही या पालखीच्या मागून चार दिवस चाललो. वयाची साठी जवळ आली होती, आणि चालण्याची सवय घरापासून दुकानापर्यंतचीच होती.

त्या चार दिवसांचा अनुभव आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या दिवशी उत्साह होता. दुसऱ्या दिवशी तळपायांना फोड आले, आणि आमच्या मनातील सर्व कडवटपणा वर आला. पुढे चालणाऱ्याचा राग आला, मागून येणाऱ्याचा राग आला, उन्हाचा राग आला. भावकीतील वीस वर्षांपूर्वीचा एक तंटा शब्दशः आठवला. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेरणीची वाट पाहत पडलेल्या काळ्या रानांमधून जात असताना, केव्हा ते कळले नाही, पण मनातील हे भांडण थांबले. पाय दुखतच होते. दुखतात अशी तक्रार करणारा मात्र कोणी उरला नव्हता. टाळ चालला होता, पाऊल टाळाबरोबर पडत होते आणि श्वास पावलाबरोबर. आम्हांस कोणताही साक्षात्कार झाला नाही. परंतु घरी परत आल्यावर ज्याच्याशी तंटा होता त्याच्या दारात आम्ही स्वतः गेलो. हे घरी बसून वीस वर्षांत जमले नव्हते.

असे का होत असावे? शास्त्रज्ञांनी याचा विचार केला आहे. दीर्घकाळ धावल्यानंतर येणाऱ्या प्रसन्नतेचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या द्रव्याला देत असत. अलीकडील संशोधनाचा कल शरीरातच निर्माण होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांकडे आहे. शरीरशास्त्र आणखीही एक गोष्ट सांगते. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर मर्यादित असते. मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटर १९५ मीटरांच्या शर्यतीत, साधारण तीस किलोमीटरांनंतर, अनेकांची ही शिदोरी संपत येते आणि समोर जणू भिंत उभी राहते. आमच्या मते येथेच साधनेला आरंभ होतो. जोपर्यंत अंगात बळ असते, तोपर्यंत 'मी चालतो' हा अभिमानही असतो. बळ सरले, की त्या 'मी'लाही फारसा आधार उरत नाही. मग जो पुढे नेतो, तो श्वास, ते नाम, ती सोबत.

ही जाणीव आपल्याच भूमीपुरती नाही. जपानात क्योतो नगरीजवळ हिएई नावाचा पर्वत आहे. तेथील तेंदाई पंथाचे काही बौद्ध भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस चालण्याचे व्रत घेतात. आरंभीच्या वर्षांत रोज सुमारे तीस किलोमीटर, आणि शेवटच्या वर्षी काही काळ रोज चौऱ्याऐंशी किलोमीटरांपर्यंत डोंगरवाट ते तुडवितात. परंतु ते धावपटू नव्हेत. वाटेतील देवस्थानांपाशी, झाडांपाशी, दगडांपाशी थांबून वंदन करणे हाच त्यांच्या चालण्याचा हेतू असतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी भारतीय साधक श्री चिन्मय यांनी १९९७ साली ३१०० मैलांची एक शर्यत सुरू केली. ती एकाच गल्लीच्या चौकाभोवती धावावयाची असते. बावन्न दिवसांच्या आत ५६४९ फेरे. धावून कोठेही पोहोचावयाचे नाही! आपल्याकडील प्रदक्षिणेचेच हे रूप नव्हे काय?

तथापि येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. नुसते थकणे म्हणजे साधना नव्हे. तसे असते, तर आपल्या समाजाइतका शांत समाज दुसरा सापडला नसता! सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत चौदा-चौदा तास शिलाई मशीनवर पाय हलविणारे आपले बाप आणि चुलते आपण पाहिले आहेत. त्यांच्या पायांनी किती पल्ला गाठला असता, याचा हिशेब कोण करील? परंतु त्या श्रमाने त्यांना पाठीचे आणि गुडघ्यांचे दुखणे मिळाले. तयार कपड्यांची दुकाने आली, तेव्हा त्यांची झोपही गेली. पहाटे उठून सगळ्या घराचे करणाऱ्या आपल्या भगिनींना 'तुमचे कष्ट हीच तपश्चर्या' असे सांगून आपण मोकळे होतो. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत. त्यांनी जात्याला देवाचे गाणे जोडले, हे त्यांचे थोरपण. त्यावरून दुसऱ्याला जात्याशी बसवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. लादलेला शीण माणसाला खचवितो. स्वेच्छेने स्वीकारलेला, लयीत बांधलेला आणि सोबतीने वाहिलेला शीण मात्र त्याला हलका करतो. म्हणूनच रोज पहाटेचा एक तास घरातील स्त्रीलाही स्वतःसाठी मिळाला पाहिजे, आणि त्या वेळी चूल दुसऱ्या कोणीतरी पेटविली पाहिजे.

दुसरा धोका अहंकाराचा. हल्ली किती किलोमीटर झाले, किती मिनिटांत झाले, याची मोजणी मनगटावरचे घड्याळ करते, आणि छायाचित्रासह ती गावभर फिरते. मोजण्यास आमचा विरोध नाही; शिंप्याच्या मुलाने मापाला नावे ठेवू नयेत. परंतु माप कापडासाठी असते. अंतर मोजता मोजता माणूस स्वतःची किंमतही त्याच फुटपट्टीने मोजू लागला, तर घाम गाळूनही पदरात फक्त अस्वस्थता पडते.

स्पर्धा वाईट, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आपल्या मराठवाड्यातील उदाहरण तर सर्वांच्या मुखी आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे शेतकरी कुटुंबात वाढले, सहा किलोमीटरांवरील शाळेत चालत-धावत गेले, सैन्यात भरती झाले, सियाचीनच्या बर्फात राहिले, आणि त्यानंतर धावपटू झाले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक सेकंदाच्या शंभरांश पाच भागाने हुकले. डोळ्याची पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो! पुढील वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून ते अकरावे आले. कधी पहिला, कधी दुसरा, कधी अकरावा. ज्याची शांती क्रमांकावर अवलंबून असेल, त्याने अशा आयुष्यात कसे तग धरावे? पदक एखाद्या दिवशी मिळते. धावणे रोजचे असते. जे रोजचे आहे, त्यातच काही मिळत असले पाहिजे.

मागे उभ्या असलेल्या तरुणांनो, आपल्या धंद्यातील एक साधी गोष्ट तुम्हांस आठवून पाहा. कापडाचे दोन तुकडे जोडताना आपण आधी धावदोरा घालतो. लांब लांब टाक्यांची ती कच्ची शिवण. तिच्या आधाराने कापड जागेवर राहते, आणि मग पक्की शिवण घालता येते. पक्की शिवण झाली, की धावदोरा ओढून काढतात. त्यासाठी कोणी रडत नाही. भरती हा तुमचा धावदोरा होता. त्या निमित्ताने तुम्ही अंधारात उठावयास शिकलात, देहाला शिस्त लावलीत, मित्राला धाप लागली तर त्याच्यासाठी वेग कमी करावयास शिकलात. धावदोरा तुमच्या हातून काढला गेला, हे खरे. तो ओढला जाताना वेदना झाली, हेही खरे. पोटापाण्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी समाजाने वेगळा, ठोस प्रयत्न केला पाहिजे, आणि केवळ उपदेश करून आम्ही मंडळींनी सुटका करून घेऊ नये. परंतु आत जी पक्की शिवण पडत होती, ती तुम्ही धावणे सोडून अर्ध्यावर टाकलीत, एवढेच आमचे दुःख आहे.

म्हणून या मेळाव्यापुढे आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक एकादशीला पहाटे हिंगोलीहून नर्सीपर्यंत चालत जाण्याचा उपक्रम आपण सुरू करावा. एका सकाळीत होणारी ही वाट आहे. ज्यांना धावावयाचे आहे त्यांनी धावावे, आमच्यासारख्यांनी चालावे, आणि सर्वांनी कयाधूकाठी एकत्र बसून भाकरी खावी. कोण पहिला पोहोचला, हे कोणी लिहून ठेवू नये. ज्यांना मधुमेहाचा, रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी पोहोचावे. पाणी, मीठ आणि गूळ जवळ ठेवावा. देहाला दंड करणे हा आपला हेतू नाही. देह हे पंढरीस नेणारे वाहन आहे, त्याची निगा राखली पाहिजे.

या उपक्रमाचे पुढारीपण मात्र आम्हां वडीलधाऱ्यांकडे नसावे. पहाटे उठण्याचा, धाप आवरण्याचा आणि अपयश पचविण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्या मागच्या रांगेतील मुलामुलींकडे तो सोपवावा. या कामी त्यांच्याइतके गुणवंत आपल्यात दुसरे कोणी नाहीत.

आणि शेवटची विनंती. ही वाट केवळ आपल्या समाजाची नसावी. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा नामदेव तेथे गेले, त्यांच्या अस्थी घेऊन पंढरीस आले, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्या अस्थी उराशी धरून एक शिंपी ती वाट चालला. आपल्या संतांनी चाललेल्या सर्व वाटांत आम्हांस ही वाट सर्वांत लांब वाटते. त्यांचे नाव लावणाऱ्यांनी आपल्याबरोबर चालणाऱ्याला आडनाव विचारू नये.

नामदेवमहाराजांनी अखेरीस पंढरीच्या महाद्वाराची पायरी होऊन राहणे पसंत केले. आयुष्यभर जो चालला, त्याने शेवटी इतरांच्या पावलांखालची जागा मागितली. शांती म्हणजे काय, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला, तर आम्ही त्या पायरीकडे बोट दाखवू.

येत्या एकादशीला पहाटे आम्ही नर्सीच्या रस्त्यावर उभे असू. मागे उभी असलेली मंडळी त्या दिवशी आमच्या पुढे चालताना दिसावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

रामकृष्ण हरी!